मोगरा उपटण्याआधी

आज धानाविषयी बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते घराच्या मागच्या वाडीतल्या मोगऱ्याविषयी. तुम्ही म्हणाल, साहेबांना दुसरे काम उरले नाही काय? पण आपल्या सालेकसा भागात वाडीतली फुलझाडे दरवर्षी मरतात, आणि ती ज्या कारणाने मरतात ते कारण आपण धानकरी असल्यामुळेच आपल्या ध्यानात येत नाही.

मागच्या एका आश्विनात मी एका गावी धानावरच्या तुडतुड्यांची पाहणी करून परतत होतो. एका घरच्या मावशींनी हाक मारून वाडीत नेले. आठ-नऊ वर्षांचा मोगरा. अर्ध्या फांद्या वाळलेल्या, उरलेल्यांवर पिवळी, मलूल पाने. म्हणाल्या, "साहेब, याले उपटूनच टाकाव का? दोन साल झाले, एक फूल नाही." झाड लेकीने लावलेले. ती आता सीमेपलीकडे छत्तीसगडात दिलेली. हे सांगताना त्या दुसरीकडेच पाहत होत्या.

इथे माझी चूक आधी सांगतो. पाने पिवळी दिसली म्हणून मी उभ्या उभ्या मूठभर युरिया टाकायला सांगितले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर उरलेली पानेही कडेने करपलेली. मग खाली बसलो आणि बुंध्याजवळची माती उकरली. जे पहिल्याच दिवशी करायचे ते तेव्हा केले. माती काळी, चिकट, कुजका वास येणारी. बारीक मुळ्या तपकिरी पडलेल्या. चिमटीत धरल्या की साल हातात यायची. जी मुळे जेवूच शकत नाहीत त्यांच्यापुढे मी खारट ताट वाढले होते.

आता कारण पाहू. आपल्याकडे पावसाळ्यात बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. बांधीत पाणी साचले की आपल्याला बरे वाटते. धानाच्या देठातून मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात उभे राहते. मोगऱ्याला तशी सोय नाही. त्याच्या मुळांना मातीतलीच हवा लागते. कन्हार किंवा मोरांड जमिनीत पाणी आठ-दहा दिवस तुंबले की मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. सिहार आणि बरडी जमिनीत हा त्रास कमी.

दुसरे कारण मोरीचे. भांडी घासलेले राखेचे पाणी थेट मोगऱ्याच्या आळ्यात जात होते. चुलीची राखही तिथेच. थोडी राख चांगली, पण वर्षानुवर्षे एकाच जागी पडली की माती अल्कधर्मी होते आणि तिच्यातले लोह झाडाला घेता येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची उणीव. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्राची. मी ही खूण न बघताच युरिया सांगितला होता.

झाड जिवंत आहे की नाही ते नखाने बघावे. फांदीची साल जराशी खरवडा. खाली हिरवे, ओलसर दिसले तर उपटू नका. मावशींच्या मोगऱ्याच्या बुंध्यापासून चार फांद्या हिरव्या निघाल्या.

मग मोरीचे पाणी चर काढून केळी-अळूकडे वळवले. त्यांना ते चालते. आळे मोडले, बुंध्यापासून दोन हातांवर वीतभर खोल चर खणून उताराला जोडला, आणि कुजकी माती काढून तिथे रेताड माती व ट्रायकोडर्मा मिसळलेले कुजलेले शेणखत भरले. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात एका लिंबाचा रस पिळून, उन्हे उतरल्यावर पानांवर फवारले. पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. दुसरे काही नाही. दिवाळीनंतर मावशी म्हणाल्या, काहीच फरक नाही. खरेच नव्हता. मुळे आधी खाली वाढतात, वर दिसायला वेळ लागतो.

धडधाकट मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तीन-चार आठवडे तोडतात, पाने गळू देतात आणि जानेवारीत जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करतात. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येते, म्हणून ही छाटणी. पण आजारी झाडाला असा ताण देऊ नका. आम्ही पाणी फक्त कमी केले आणि संक्रांतीनंतर वाळलेले सगळे व हिरव्याचा एक तृतीयांश शेंडा तेवढा काढला.

पूर्ण वाढलेल्या निरोगी झाडाला छाटणीनंतर 10 किलो शेणखत, 65 ग्रॅम युरिया, 375 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 100 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. दुबळ्या झाडाला रासायनिक खत याच्या निम्मे, तेही नवी पाने तळहाताला लागू लागल्यावर. खत बुंध्याला नको, वीतभर दूर गोल चरीत, आणि वरून पाणी.

माघ सरता सरता फूट आली, चकचकीत हिरवी. होळीच्या सुमारास कळ्या दिसल्या. त्यातल्या काही जांभळट पडून भोके पडलेल्या होत्या. ती कळी पोखरणाऱ्या अळीची करणी. अशा कळ्या खुडून जाळाव्यात आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. चैत्रात मावशींनी बोलावले. फुले किती? ओंजळभर. टोपलीभर फुलांची आशा पहिल्या वर्षी कोणी धरू नये.

एक काम मात्र येत्या पावसाळ्यासाठी लक्षात ठेवा. जून-जुलैत वर्षभराची एक फांदी वाकवून, मधे बोटाच्या पेराएवढा तिरपा काप देऊन, चार-पाच बोटे मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. जागा उंचवट्याची हवी. तीन-चार महिन्यांत मुळ्या धरतात, मग कापून वेगळी करता येते. मावशींनी दोन फांद्या दाबल्या. एक घरी ठेवली, दुसरी दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीबरोबर डब्यात माती घालून गेली.