यंत्र बसलं, आता बाळ बोलणार कधी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्णबधिर मुलांना ऐकायला-बोलायला शिकवण्याचं काम आम्ही इथं इंदुरात करतो. कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, की आजी-आजोबा विचारतात, "आता कधी बोलेल?"

शस्त्रक्रियेनंतर साधारण 2 ते 4 आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. ते आवाजाचे विद्युत संकेत करून थेट श्रवणाच्या नसेपर्यंत पोहोचवतं. त्या संकेतांचा अर्थ लावायला मात्र मेंदूला शिकावं लागतं. म्हणून आम्ही 'ऐकण्याचं वय' मोजतो. दुसऱ्या वाढदिवसाला यंत्र सुरू झालेलं मूल 3 वर्षांचं झालं, तरी त्याचं ऐकण्याचं वय एकच वर्ष. वर्षाच्या बाळाकडून आपण एखाद-दुसऱ्या शब्दाचीच अपेक्षा करतो ना? आधी आवाजाची चाहूल, मग आवाजांतला फरक, मग अर्थ आणि त्यानंतर बोल. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत मेंदू हे सर्वांत सहज शिकतो. म्हणून शंका येताच तपासणी करून घ्या.

मराठीत अर्थ पुष्कळदा शब्दाच्या हलक्या शेवटात असतो. 'ताटात ठेव' आणि 'ताटातून घे' यांतलं 'त' आणि 'तून' या मुलांना सहज निसटतं. त्यामुळे सुटे शब्द घोकून घेऊ नका. काम करता करता पूर्ण वाक्यं बोला.

आपल्या घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. "एकच भाषा ठेवा, हिंदीच बोला," असा सल्ला कित्येक घरांना मिळतो आणि आजी गप्प होते. आम्ही सांगतो, ज्या भाषेत तुम्ही सहज लाड करता, रागावता, गोष्ट सांगता, तीच बोला. इम्प्लांट झालेली मुलं दोन भाषा शिकू शकतात. अडखळत बोललेली, तुटपुंजी भाषा मात्र त्यांच्या फारशी उपयोगी पडत नाही.

रोज सकाळी ओठ न दाखवता म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज काढून बघा. एखाद्याला प्रतिसाद नसेल, तर यंत्र तपासून घ्या. मांडवातल्या ढोल-ताशांत या मुलांना शब्द वेगळे ऐकू येणं कठीण जातं. तिथं जवळ जाऊन, समोर बसून बोला.

प्रत्येक मुलाची चाल वेगळी, शेजारच्या मुलाशी तुलना नको. यंत्र दिवसभर कानावर राहू द्या आणि आजीला मनसोक्त बोलू द्या.