संघाचा कॅमेरा घेताना
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत लेखापाल ताईंनी मांडलेले विचार, थोडे संक्षिप्त करून)

कॅमेऱ्याचा ठराव आज मंजुरीला आहे. पैसा आपल्या सगळ्यांच्या बचतीचा आहे, म्हणून हात वर करण्याआधी काय घेतोय ते नीट समजून घ्या.

पहिला प्रश्न मागच्या सभेतच आला होता, घरोघरी मोबाईल असताना कॅमेरा कशाला? खरंय. पण मोबाईल कुणाचा असतो? बऱ्याच घरांत मालकांचा, नाहीतर पोराचा. सचिव बदलली की फोटो तिच्याबरोबर जातात. शेळीच्या विम्याचा फोटो ऐन वेळी सापडत नाही. कॅमेरा संघाचा असला की फोटोही संघाचे राहतात.

आता दुकानदार काय सांगेल? "ताई, हा 20 मेगापिक्सेलचा, तो 16 चाच." या आकड्याला भुलू नका. आपल्याला 4 बाय 6 इंचाचा फोटो काढायचा, त्याला दोन-तीन मेगापिक्सेल पुरतात. साध्या छोट्या कॅमेऱ्यात उजेड टिपणारी जी चकती असते ती करंगळीच्या नखापेक्षाही लहान, जेमतेम 6 मिलिमीटर रुंद. तेवढ्याच जागेचे जास्त तुकडे पाडले तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. दोन गुंठ्यांत दहा भावांच्या वाटण्या, तसंच ते.

झूमचंही तसंच. ऑप्टिकल झूम किती, एवढंच विचारा. त्यात भिंग पुढं-मागं सरकून लांबचं खरोखर जवळ दिसतं. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या फोटोचा तुकडा ताणून मोठा करणं. भाकरी थापून कितीही मोठी केली तरी पीठ तेवढंच!

माझ्या मते आपल्याला सगळ्यात जास्त लागणार ते जवळचा फोटो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर 12 आकडे असतात, ते फोटोत वाचता आले पाहिजेत. पापडाच्या पाकिटावरचं लेबलही तसंच. कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असतं, ते लावलं की जवळचं स्पष्ट येतं. म्हणून दुकानात जाताना एक पाकीट पिशवीत घेऊन जा. तिथंच फोटो काढा, पडद्यावर मोठा करून बारीक अक्षरं वाचा. वाचता आली नाहीत तर दुसरा दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

फ्लॅशवर फार भिस्त नको. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दहा-बारा फुटांपर्यंत पोचतो, मागच्या ओळीतल्या बाया काळ्याच दिसतात. सभेचा फोटो दिवसाउजेडी, ओसरीवर काढलेला बरा.

बॅटरीचं मात्र नीट बघा. काही कॅमेऱ्यांना पेन्सिल सेल लागतात. ते गावात मिळतात, पण साधे सेल लवकर संपतात, म्हणून चार्ज होणारे घ्यावे लागतील. काहींना कंपनीची स्वतःची बॅटरी असते. ती जास्त टिकते, पण आपल्याकडची लाईट बघता दुसरी जादा बॅटरी त्याच दिवशी घ्यायची. पुढं त्याच मापाची मिळेलच असं नाही, कारण मोबाईल आल्यापासून असे कॅमेरे निघणंच कमी झालंय.

जुना स्वस्तात मिळत असेल तर भिंग चार-पाच वेळा आत-बाहेर करून बघा, अडकत असेल तर नको. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघा.

8 जीबीचं कार्ड पुरे, हजारच्या वर फोटो मावतात. कार्डाच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती खाली ओढली की फोटो चुकून पुसले जात नाहीत. आणि तारीख आधी लावून घ्या, चुकीच्या तारखेचा फोटो विम्याला उपयोगाचा नाही.

तीन दुकानांची दरपत्रकं मागवू. पक्कं बिल संघाच्या नावानं, वॉरंटी कार्डावर शिक्का, आणि त्याच दिवशी जडसंग्रह नोंदवहीत नोंद. कोणाकडे किती दिवस कॅमेरा राहील त्याची वही मी घालते. आता कुणाला काय विचारायचंय ते विचारा, मग ठरावाला हात वर करू.