गेलेल्या संघांचे टी-शर्ट

गडचांदूर हें चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील, सिमेंटच्या कारखान्यांनीं वाढविलेलें गांव. भोंवतालीं चुनखडीच्या खाणी, कापसाचीं शेतें, आणि पलीकडे माणिकगडाचे डोंगर. अशा गांवच्या बाजारांत ताडपत्रीवर मांडलेला कपड्यांचा ढीग पाहिला, तर त्यांत खेळांच्या संघांचे रंगीबेरंगी टी-शर्ट सांपडावयाचेच. ढीग उपसणाऱ्या मुलाला रंग आवडतो, किंमत परवडते. छातीवर कोणत्या संघाचें नांव आहे इकडे त्याचें फारसें लक्ष नसतें. त्यांतून 'रायझिंग पुणे सुपरजायंट' या नांवाचा सदरा निघाला, तर तोहि तो आनंदानें अंगांत घालील. मात्र हा संघ २०१६ व २०१७ असे दोनच हंगाम खेळून नाहींसा झाला, हें त्याच्या गांवींहि नसेल.

ही गोष्ट किरकोळ वाटेल. खेळाडू पांगले, संघ मोडला, सदरा उरला. त्यांत भाषणाचा विषय होण्यासारखें काय आहे, असें कोणीहि विचारील. परंतु माणसाच्या अंगावरील वस्त्र पुष्कळदां त्याच्या तोंडाआधीं बोलतें. पागोट्याच्या ठेवणीवरून मनुष्य कुठला, आणि लुगड्याच्या कांठावरून तें कोणत्या पेठेचें, हें ओळखणाऱ्या समाजाला ही गोष्ट निराळी सांगावयास नको. मोडलेल्या संघाचें नांव छातीवर वागविणारा मनुष्य नकळत कोणाची तरी साक्ष देत असतो. ती साक्ष कोणाची, आणि ती खरी ठरावी यासाठीं काय केलें पाहिजे, एवढाच येथें विचार आहे.

अमेरिकेंत या साक्षीचा आतां व्यापार झालेला आहे. त्या देशांत बेसबॉलच्या अग्रगण्य संघांच्या खालोखाल लहान लहान शहरांचे दुय्यम संघ पूर्वींपासून होत आले. कांहीं पुष्कळ वर्षें टिकले, कांहीं दोन-तीन हंगामांतच बुडाले. जुनीं छायाचित्रें व वर्तमानपत्रें धुंडाळून अशा बुडालेल्या संघांचे सदरे हुबेहूब शिवण्याचा उद्योग सिअॅटल शहरांत जेरी कोहेन यांनीं १९८८ सालीं आरंभिला. त्यांच्या पेढीचें नांव 'एबेट्स फील्ड फ्लॅनल्स'. एबेट्स फील्ड हें न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागाचें मैदान. तेथील 'डॉजर्स' हा संघ १९५७ च्या हंगामानंतर मालकानें हजारों मैल दूर लॉस एंजेलिसला नेला. १९६० सालीं मैदान पाडण्यांत आलें आणि त्या जागीं राहण्याच्या इमारती उठल्या. हार्टफर्ड शहराचा बर्फावरील हॉकीचा संघ 'व्हेलर्स' १९९७ सालीं असाच दुसऱ्या राज्यांत गेला. देवमाशाच्या शेपटीचें त्याचें चिन्ह असलेले टी-शर्ट मात्र अद्याप विकले जातात, आणि त्या सालीं जन्मलींहि नव्हतीं अशीं मुलें ते घालून हिंडतात.

असें कां व्हावें? संघ मालकाचा असला, तरी नांव गांवाचें होतें. मालकानें खेळाडू नेले, करार नेले, बोधचिन्हहि नेलें; पण बाप मुलाला ज्या बांकावर बसवून सामना दाखवीत असे, त्या बांकाची आठवण त्याला उचलून नेतां आली नाहीं. सदरा विकत घेणारा वस्तुतः ती आठवण विकत घेत असतो. रस्त्यांत कोणीतरी थांबून 'हा संघ कोणता?' असें विचारतो, आणि मग घालणारा सांगूं लागतो. हा प्रश्न आणि हें उत्तर, यांतच त्या वस्त्राचें खरें मोल आहे. उत्तर देतां न आलें, तर तें नुसतें कापड.

ही कसोटी महाराष्ट्रांत लावून पाहिली, तर चित्र निराळें दिसतें. पुणें शहराच्या नांवानें 'पुणे वॉरियर्स' हा संघ २०११ पासून २०१३ पर्यंत आय.पी.एल.मध्यें खेळला, आणि मालक व क्रिकेट मंडळ यांच्यांतील पैशाच्या वादांत लोपला. पुढें चेन्नई व राजस्थान या दोन संघांना दोन वर्षें खेळण्याची मनाई झाली, तेव्हां त्यांची रिकामी जागा भरण्यासाठीं पुण्याचा दुसरा संघ निघाला. त्याचें आयुष्य जन्माच्या वेळींच ठरलेलें होतें. २१ मे २०१७ रोजीं हैदराबाद येथें अंतिम सामन्यांत मुंबईच्या १२९ धावांना उत्तर देतांना तो १२८ वर थांबला, आणि एका धावेनें चषक गमावून इतिहासजमा झाला. पराभव चटका लावणारा खरा. पण दोन वर्षांच्या ओळखीवर जन्माचें नातें जडत नाहीं. त्या सदऱ्याविषयीं विचारलें, तर पुष्कळांना धोनीचें नांव आठवेल. संघाविषयीं सांगण्यासारखें थोडेंच आठवेल.

दोष केवळ मालकीचा आहे असेंहि नाहीं. मुंबईचा 'महिंद्र युनायटेड' हा फुटबॉल संघ एका कंपनीचाच होता. १९६२ पासून २०१० पर्यंत तो जगला, आणि २००५-०६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीगचें अजिंक्यपद त्यानें मिळविलें. कूपरेजच्या मैदानावर त्याला पाहत एक पिढी मोठी झाली, म्हणून तो बंद झाला तेव्हां हळहळणारी माणसेंहि होतीं. नातें जडण्यास काळ लागतो, आणि गांवांत मुळें धरावीं लागतात.

याच्या अगदीं उलट उदाहरण होळकर संघाचें. रणजी करंडकाच्या इतिहासांत या संघानें दहा वेळां अंतिम सामना गांठला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळां करंडक जिंकला. कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे जन्मानें नागपूरचे. १९३२ सालीं लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचें नेतृत्व करणारे तेच. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांसारखे खेळाडू त्यांच्या हाताखालीं खेळले. १९४५-४६ मध्यें इंदूरला म्हैसूरविरुद्ध या संघानें ८ गडी बाद ९१२ धावा करून डाव सोडला, आणि त्या एका डावांत सहा जणांनीं शतकें झळकाविलीं. संस्थान विलीन झालें, तरी संघ १९५४-५५ पर्यंत टिकला. मग तोहि गेला. त्याचा रंगीत सदरा असण्याचा प्रश्नच नव्हता. पांढरी विजार, पांढरा सदरा, आणि छातीवर नांव नाहीं. ज्यांच्याविषयीं रात्रभर सांगत बसावें, त्यांचें वस्त्र बाजारांत नाहीं; आणि ज्यांचें वस्त्र ढिगानें पडलें आहे, त्यांच्याविषयीं सांगण्यास दोन वाक्यें पुरतात.

गडचांदूरच्या मुलाचा याच्याशीं संबंध काय? संबंध आहे, आणि तो मनोरंजक आहे. रणजी सामने १९३४-३५ सालीं सुरू झाले, त्या काळीं चांदा जिल्हा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या प्रांतांत होता, आणि त्या नांवाचा एक संघहि होता. त्यानें करंडक कधीं जिंकला नाहीं. प्रांताचें नांव गेलें तसा तोहि गेला. पण गडचांदूर त्या प्रांतांत नव्हतें. वर्धा नदीच्या अलीकडील राजुरा तालुका निजामाच्या राज्यांत, अदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. नदीच्या एका तीरावरील गांवाचा संघ नागपूरकडचा, आणि दुसऱ्या तीरावरील गांवाचा हैदराबादचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत राजुरा मुंबई राज्यांत आला, आधीं नांदेड जिल्ह्यांत आणि १९५९ मध्यें चांदा जिल्ह्यांत. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळूं लागला. ज्या वृद्धाचा जन्म १९५० च्या सुमारास गडचांदुरांत झाला, त्याचा 'आपला संघ' तो दहा वर्षांचा होण्यापूर्वींच बदलून गेला.

विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळण्यास मात्र साठ वर्षें लागलीं. तो जानेवारी २०१८ मध्यें दिल्लीला हरवून मिळाला, आणि तोहि इंदूरच्या होळकर मैदानावर. नागपुरांत जन्मलेल्या नायडूंनीं ज्या शहराला चार करंडक मिळवून दिले, तेथेंच नागपूरच्या संघानें आपला पहिला करंडक उचलला. विदर्भाचा सदरा घालणाऱ्या मुलाला एवढें सांगतां आलें, तर त्याच्या अंगावरील कापडाला वजन येईल.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गेलेली प्रत्येक गोष्ट गौरवावी अशी नसते. मुंबईंत १९०७ पासून पारशी, हिंदु व युरोपियन असे तिरंगी सामने होत. १९१२ मध्यें मुसलमानांचा संघ आला, १९३७ मध्यें 'इतरांचा' पांचवा संघ आला. हे सामने पाहण्यास लोक लोटत. तथापि धर्मावरून संघ पाडण्याची ही रीत देशाला घातक आहे असें मत वाढत गेलें. १९४० मध्यें महात्मा गांधींनीं आपली नापसंती जाहीर केली, आणि १९४६ मध्यें ते सामने कायमचे थांबले. थांबले तें योग्यच झालें. परंतु त्याच हिंदु संघांत पाळवणकर बाळू खेळत होते. चांभार समाजांत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक बळी घेऊन आला. त्याच गोलंदाजाला पुण्यांत चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत मिळत असे. कर्णधारपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ मध्यें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, आणि त्या वर्षीं संघ विजयी झाला.

अमेरिकेंतहि असेंच घडलें. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या संघांत मज्जाव होता, म्हणून त्यांचे निराळे संघ निघाले. १९४५ सालीं जॅकी रॉबिन्सन 'कॅन्सस सिटी मोनार्क्स' या अशाच संघांत होता. १९४७ मध्यें तो ब्रुकलिनकडून खेळूं लागला, मज्जाव ढासळला, आणि पाठोपाठ ते निराळे संघहि एकेक करून मिटले. आज मोनार्क्सचा सदरा अभिमानानें घातला जातो. तो मज्जावाचा गौरव नव्हे. मज्जाव असतांहि जे उत्तम खेळले, त्यांचा गौरव होय. उद्यां कोणी १९२३ च्या हिंदु संघाचा टी-शर्ट छापला, तर त्यावर विठ्ठलांचें नांव असलें पाहिजे, आणि घालणाऱ्याला मातीच्या भांड्याची हकीगत ठाऊक असली पाहिजे. नाहीं तर तेंच कापड उलटी साक्ष देईल.

शेवटीं पुन्हां गडचांदूरकडे वळावें. या भागांत हिवाळ्यांत गांवोगांवीं कबड्डीचे आणि टेनिसच्या चेंडूनें क्रिकेटचे सामने होतात. प्रवेशफी वर्गणीनें भरतात, आणि कोणीतरी आश्रयदाता एकसारखे टी-शर्ट शिवून देतो. पुढें गांवाचें वा मंडळाचें नांव, पाठीवर खेळाडूचें नांव व आंकडा, बाहीवर देणाऱ्याचें नांव. असा संघ चार-पांच हिवाळे टिकतो. मग एक जण पुण्याला कारखान्यांत जातो, दुसरा हैदराबादला, तिसऱ्याचें लग्न होतें, चौथ्यावर शेती पडते. आणि कोणी जाहीर न करतां संघ संपतो. सदरे घरींच राहतात. कापूस वेचण्यास जाणाऱ्या बाया लुगड्यावरून जुना सदरा चढवितात, ही विदर्भांतील नित्याची रीत आहे. वेचणीच्या दिवसांत ओळीनें वांकलेल्या बायांच्या पाठींवर कधीं कधीं आंकडे दिसतात; कोठें सात, कोठें दहा. तो मुलाचा सदरा असतो. मुलगा दूर असतो.

कामाला वस्त्र यावें यांत कमीपणा कांहींच नाहीं. आईच्या पाठीवर गेलेला सदरा बाजारांतल्या ढिगांत पडला नाहीं, हें भाग्यच. पण फाटून चिंधी होण्यापूर्वीं त्यांपैकीं एक तरी बाजूला काढून ठेवावा. प्रत्येक गांवांत शाळा आहे, आणि बहुतेक शाळांत ढाली-चषकांचें एक कपाट आहे. त्यांत एक सदरा घडी करून ठेवावा, आणि त्याबरोबर एक कागद: सन कोणतें, गडी कोण, कोणत्या गांवाशीं सामना झाला, कोण हरलें. हरलेल्या सामन्यांचीहि नोंद करावी, कारण मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघाप्रमाणें गांवचे पुष्कळसे संघ कधींच करंडक जिंकत नाहींत. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि आपल्या पेटींतील वडिलांच्या कॉलेज संघाचा वा आजोबांच्या गिरणीच्या संघाचा सदरा असाच कागद लावून ठेवावा. तो ज्यानें घातला, तो मनुष्य हयात आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. नंतर कोणी विचारील, 'हा संघ कोणता?' आणि घरांत सांगणारें कोणी उरलेलें नसेल.