भिंतीच्या भोकातील माशी
(पवनी येथील बैठकीत केलेले भाषण)



पावसाळ्याआधी आमच्या वर्गखोलीची डागडुजी चालली होती. खिडकीखालच्या भोकातून एक काळपट, चिकट नळी बाहेर आली होती आणि तिच्याभोवती चिलटे घोंगावत होती. मी गवंड्याला म्हटले, "बुजवून टाका." नातवाला सोडायला आलेली गोंड आजी म्हणाली, "थांब ना बाबू, मोहळ हाय थे."

मला हसू आले. एवढीशी माशी? तरी भिंग आणले.

अंग काळे, लांबी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पंखांवर उन्हात इंद्रधनुषी झाक. पण खरी खूण मागच्या पायांत. ते रुंद, चपटे, कडेला केसाळ, आणि त्यांवर परागाचे पिवळे गोळे. चिलटाच्या पायावर असा गोळा कधी दिसत नाही. शिवाय मिशा लांब, कोपरासारख्या वाकलेल्या.

काही जण हिला फुलोरी समजतात. फुलोरी मोठी असते, तिच्या पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळे-पांढरे पट्टे. ती झुडपाच्या फांदीवर उघडे, एकच पोळे बांधते आणि डंखही मारते. ही मात्र भोकात राहते. डंख नावापुरता, चिडली तर केसांत शिरून चावते. मला चावली आहे. मराठीत हिला पोयाची माशी म्हणतात. फ्रेडरिक स्मिथ यांनी 1854 मध्ये वर्णन केलेली टेट्रागोनुला इरिडिपेनिस ती हीच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिच्या जवळच्या जाती सूक्ष्मदर्शकाशिवाय वेगळ्या ओळखता येत नाहीत. आपल्या कामापुरते 'डंखहीन मधमाशी' एवढे पुरे.

ती नळी मेण आणि झाडांची राळ मिसळून केलेली असते. आत मध असतो तो पोळ्यात नव्हे, मेणाच्या चिमुकल्या मडक्यांत, थोडा, आंबटगोड. शमशोनाला सिंहाच्या सांगाड्यात मध मिळाला, आम्हाला खिडकीखाली!

आता मला जे ठाऊक नव्हते ते सांगतो. अंडी घालू लागलेली या माशीची राणी जड होते, तिला उडता येत नाही. आग्या माश्यांसारखे सगळे घर उठून दुसरीकडे जात नाही. भोक बुजवले की राणी आतच मरते. मधासाठी पोकळ झाड तोडले तरी बहुधा तेच. म्हणून घराला गिलावा करण्याआधी नळी दिसते का, माशीच्या पायाला पिवळे गोळे आहेत का, एवढे बघा.

आमच्या गवंड्याने नळीभोवती चार बोटे जागा सोडली. भिंत जरा विद्रूप दिसते. आजी मुलांना घेऊन ती दाखवायला येते.