पुस्तक मिटून सांग बघू!

(सामुदायिक रेडिओवरील 'मैत्रिणींशी गप्पा' या कार्यक्रमातलं भाषण)

आज मला दोघींशी बोलायचं आहे. एक, यंदा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलगी, जी कदाचित हॉस्टेलच्या खोलीत कानाला इअरफोन लावून हे ऐकत असेल. आणि दुसरी तिची आई, जी आत्ता बहुतेक भाकऱ्या थापत असेल. थापा, थापा, हात थांबवू नका. ऐकायला कानच लागतात.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर पहिली अंतर्गत परीक्षा होते. आमच्याकडे तिला सेशनल म्हणतात. आणि दर वर्षी त्या परीक्षेचे पेपर हातात पडले की दोन-तीन मुली माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहतात. एका वर्षीची मुलगी मला अजून आठवते. नाव सांगत नाही. ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनाशास्त्रात, तिला 30 पैकी 9 मार्क होते. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझी कागदपत्रं परत मिळतील का?"

मी म्हटलं, "कशाला गं?"

"घरी जाते. मला जमणार नाही हे. मामा आधीच म्हणत होते, लग्न करून टाका म्हणून."

तिची आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायची. फी भरायला गळ्यातलं गहाण ठेवलेलं. मुलीनं घरी मार्क सांगितलेच नव्हते. फोन आला की "छान चाललंय" एवढंच.

मी तिला म्हटलं, तुझी वही आण. वही पाहिली, तर माझं मलाच वाईट वाटलं. इतकी सुंदर वही! प्रत्येक पान पिवळ्या-गुलाबी पेनानं रंगवलेलं. तीन-तीनदा वाचलेलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून. मी वही मिटली आणि म्हटलं, "आता सांग बघू, हृदयातून रक्त कसं फिरतं?"

ती गप्प. मग म्हणाली, "मॅडम, पान डोळ्यासमोर आहे. कुठल्या कोपऱ्यात आकृती आहे तेही दिसतंय. पण येत नाहीये."

मी म्हटलं, "बरं, इंग्रजी सोड. मराठीत सांग. तुझ्या आईला सांगतेस असं समज."

आणि मैत्रिणींनो, तिनं निम्मं सांगितलं! अडखळत सांगितलं, पण बरोबर सांगितलं. म्हणजे डोकं कमी नव्हतं आणि कष्टही कमी नव्हते. अभ्यासाची रीत चुकत होती. आज मला एवढंच सांगायचं आहे.

बघा, असं होतं कसं? आपल्या मुली दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी, पण सर समजावतात मराठीतच. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. पाठ करा, लिहून या. मग सीईटी देऊन नर्सिंगला येतात आणि पहिल्याच सहामाहीत समोर काय? ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. नवी माणसं, नवं हॉस्टेल, सकाळी गणवेश घालून वॉर्डात ड्युटी, दुपारी लेक्चर. झोप आलेली असते आणि पडद्यावर एकामागून एक स्लाइड सरकत असतात. मुलगी घाबरते आणि तिला येते तीच एक गोष्ट जास्त जोरात करते. पुन्हा वाचते. पुन्हा रेघा मारते.

पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. रोज बाजारात दिसणारी बाई ओळखीची असते, पण तिचं नाव विचारलं तर सांगता येतं का? तसंच हे.

यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग 2006 साली छापून आला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण एका आठवड्यानंतर उलटं झालं. न बघता लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. आपली परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. म्हणून मी सांगते, एकदा समजून वाच, पुस्तक मिट आणि सांग. अडलं की उघड, बघ, पुन्हा मिट. अडणं म्हणजे अपमान नाही. अडतं तिथेच तर अभ्यास होतो.

आता आपण हे इथेच करून बघू. आईनंही करायचं आहे. डावा हात पुढे धरा. उजव्या हातानं डावा अंगठा चाचपा. अंगठ्यात दोन हाडं लागतात. बाकीच्या चार बोटांत तीन-तीन. चार त्रिक बारा आणि दोन, झाली चौदा. तळहातात पाच बोटांमागे पाच हाडं. आणि मनगटात छोटी-छोटी आठ, दोन ओळींत बसवलेली. चौदा, पाच आणि आठ, सत्तावीस. एका हातात सत्तावीस हाडं! एका पावलात सव्वीस. दोन्ही हात आणि दोन्ही पावलं मिळून 106. मोठ्या माणसाच्या शरीरात हाडं असतात 206. म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हातापायाच्या पंजांतच आहेत. आता पुस्तक न उघडता सांगा, मनगटात किती? आठ. बघा, भाकरी थापता थापता ॲनाटॉमी झाली. नावं नंतर घालायची. आधी घर उभं राहू दे, मग पाटी लावू.

नावांची भीतीही सांगते. ती इंग्रजी नावं बरीचशी तुकड्यांची असतात. शेवटी 'आयटिस' आलं की सूज, दाह. टॉन्सिलायटिस तुम्हाला माहीत आहे, आर्थ्रायटिस माहीत आहे. मग गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा. 'टॅकी' म्हणजे वेगानं, 'ब्रॅडी' म्हणजे हळू, 'कार्डिया' हृदयाशी जोडलेलं. टॅकीकार्डिया म्हणजे ठोके वेगानं पडणं. मग ब्रॅडीकार्डिया काय, ते मी सांगायची गरज नाही. असे तुकडे वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा, रोज तीन. महिन्यात नव्वद होतात.

आता लेक्चरचं. मुली म्हणतात, "मॅडम भरभर बोलतात, लिहून होत नाही." अगं, सगळं लिहायचंच नसतं! सगळं लिहायला गेलीस तर कान बंद होतात. आदल्या रात्री दहा मिनिटं उद्याच्या धड्याची फक्त शीर्षकं आणि आकृत्या बघून जा. समजलं नाही तरी चालेल, शब्द कानाला नवे वाटणार नाहीत एवढंच. वर्गात मुख्य शब्द लिही, मध्ये जागा सोड. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह काढ. त्याच संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून मोकळ्या जागा आठवून भर. आठवड्यानं नको, त्याच दिवशी. आणि प्रश्नचिन्हं घेऊन आमच्याकडे ये. मराठीत विचार. इंग्रजी येत नाही म्हणून प्रश्न पोटात ठेवू नकोस. मराठीत विचारलं म्हणून बाई रागावल्या तर दुसऱ्या बाईंना विचार, वरच्या वर्गातल्या ताईला विचार.

वॉर्डातली ड्युटी आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी समजू नकोस. सकाळी एखाद्या आजोबांची नाडी मोजलीस, तर रात्री नाडीचा धडा उघड. तो धडा मग आजोबांच्या चेहऱ्यासकट लक्षात राहतो.

पेपरच्या दिवशी आधी सगळे प्रश्न वाच. जास्त मार्कांना जास्त वेळ, कमी मार्कांना कमी. दोन मार्कांच्या व्याख्येला दोन पानं लिहून मोठा प्रश्न सुटला, अशा मुली मी दर वर्षी बघते. आकृती काढ, नावं दे. आणि पेपर तपासून मिळाला की मार्क बघून दप्तरात कोंबू नकोस. लाल पेन घेऊन बस. प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक लिही : वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, की येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही किंवा वेळ पुरला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्या मुलीच्या पेपरात बहुतेक ठिकाणी दुसरंच कारण निघालं. मग पुढे काय करायचं ते आपोआप समजलं.

झोपेचंही सांगते. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्रभर चहा पिऊन जागणं म्हणजे दूध तापवायचं आणि विरजण न लावता दह्याची वाट बघायची.

आता आईशी बोलते. ताई, लेकीला फोन केला की तुम्ही काय विचारता? "जेवलीस का?" ते विचाराच. पण मग विचारता, "किती मार्क पडले?" तिथे मुलगी गप्प होते, नाहीतर खोटं बोलते. मला माहीत आहे, कारण मीही बोलले आहे. पहिल्या वर्षी मी फिजिऑलॉजीत नापास झाले होते आणि दोन महिने घरी सांगितलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत अभ्यास झाला नाही, नुसती भीती पोसली गेली.

त्याऐवजी असं विचारून बघा, "आज काय शिकलीस? मला सांग बघू." तुम्ही म्हणाल, "आम्हाला काय कळतंय त्यातलं!" अहो, कळत नाही हाच तुमचा उपयोग. ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगायचं तर आधी आपल्याला नीट कळावं लागतं. तुम्ही नुसतं म्हणा, "थांब, हे नाही समजलं, परत सांग."

त्या मुलीनं तेच केलं. मी तिला म्हटलं होतं, कागदपत्रं एक महिन्यानं माग. तोवर रोज रात्री आईला दहा मिनिटं शिकव. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, "आई, हृदय म्हणजे चार खोल्यांचं घर. दोन वर, दोन खाली. दारं अशी की एकाच बाजूला उघडतात. अंगातून फिरून आलेलं रक्त वरच्या उजव्या खोलीत येतं, खालच्या उजव्या खोलीत उतरतं, तिथून फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेतं, मग वरच्या डाव्या खोलीत, तिथून खालच्या डाव्या खोलीत, आणि तिथून सगळ्या अंगात." आई म्हणाली, "मग खालच्या डाव्या खोलीची भिंत जाड असेल. तिलाच लांब ढकलायचं असतं ना?" मुलगी दुसऱ्या दिवशी धावत मला सांगायला आली. कारण आईचं बरोबर होतं! डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सगळ्यांत जाड असते, आणि कारण तेच.

त्याच आठवड्यात तिनं घरी 9 मार्क सांगितले. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आज काय शिकवतेस?"

दुसऱ्या सेशनलला तिला 30 पैकी 16 मिळाले. पहिला नंबर वगैरे काही आला नाही. पण कागदपत्रं तिनं पुन्हा मागितली नाहीत. आज ती एका सरकारी रुग्णालयात नोकरी करते. आईचं गहाण पडलेलं तिनं सोडवलं, ते सांगायला ती मुद्दाम कॉलेजात आली होती. म्हणाली, "मॅडम, गावातल्या उपकेंद्रात सिस्टर बीपी तपासायला लागल्या की आई विचारते, वरचा आकडा किती आणि खालचा किती. आणि बाकीच्या बायकांना दोन्हींचा अर्थ समजावून सांगते."

मुलींनो, शेवटचं. कधी कधी हे रीतीचं दुखणं नसतं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं. असं झालं तर एकटी बसू नकोस. खोलीतल्या मैत्रिणीला उठव, वॉर्डनला सांग, घरी सांग. आणि 14416 हा नंबर लिहून ठेव. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे. दिवसा-रात्री कधीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आईनंही लिहून ठेवा. एका विषयात नापास झालीस तर तो विषय पुन्हा देता येतो. तू मात्र आम्हाला एकच आहेस.

चला, भाकऱ्या झाल्या असतील. आज रात्री फोन केलात की लेकीला म्हणा, "पुस्तक मिट आणि सांग बघू." आणि लेकीनं अंगठ्यापासून सुरुवात केली, तर तिला सांगा, "ते मला येतं. पुढचं सांग."