कप्तान बाहेर बसतो तेव्हा
(शालेय क्रीडा पारितोषिक समारंभातील भाषण)



गेल्या वर्षी आपला फुटबॉल संघ जळगावहून धुळ्याला गेला होता. सामन्यात कप्तानाचा पाय मुरगळला, तो बाहेर बसला आणि आतली मुले चेंडूऐवजी त्याच्याकडेच पाहू लागली. आपण तेथेच हरलो.

मोठ्या संघांवरही असे प्रसंग येतात. जानेवारी २०११ मध्ये भारत २७ वर्षांनी आशिया चषक स्पर्धेत उतरला. अनुभवी कप्तान बायचुंग भुतिया पोटरीच्या दुखापतीमुळे पहिले दोन सामने खेळू शकला नाही. ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२ असे हरविले. तिसऱ्या सामन्यात तो अखेरची काही मिनिटेच खेळला; दक्षिण कोरियाने ४-१ ने मात केली. प्रतिस्पर्धी बलाढ्य होते, भुतिया असता तर जिंकलोच असतो असे नव्हे. पण त्याच स्पर्धेत दोन गोल करणाऱ्या सुनील छेत्रीने पुढे संघाची धुरा वाहिली.

२०१० च्या विश्वचषकास जर्मनीचा कप्तान मायकेल बालाक घोट्याच्या दुखापतीने मुकला. फिलिप लामच्या नेतृत्वाखाली तरुण संघाने इंग्लंडला ४-१, अर्जेंटिनाला ४-० असे नमवून तिसरा क्रमांक मिळविला.

तात्पर्य, आपल्यामागे दुसरा उभा करतो तोच खरा कप्तान. म्हणून यंदा सरावात दर आठवड्यास नवा कप्तान असेल. धुळ्याला हरलो, त्यात चूक मुलांची नव्हती. दुसरा कप्तान आम्ही शिक्षकांनीच घडविला नव्हता.