आधी विचारा, मग सांगा

बीड जिल्ह्यातल्या गेवराईत दवाखान्याच्या एकाच बाकावर तांड्यावरची बंजारा आजी आणि रोजा धरलेले मधुमेही चाचा शेजारी बसलेले असू शकतात. अशा वेगवेगळ्या संस्कृतींतल्या रुग्णांच्या शुश्रूषेला अमेरिकी परिचारिका मॅडलिन लेनिंजर यांनी शास्त्राचं रूप दिलं. चाचांच्या इन्सुलिनची वेळ-मात्रा रमजानआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची, हे नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ठाऊक हवं. आजीच्या तपासणीला गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, जाणणारी बाई हवी.

पण इथला मोठा धडा ऊसतोडीचा. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. एक दिवस कोयता थांबला, की खाड्याचे पैसे कापले जातात. अशा जोडप्यातल्या गरोदर बाईला ‘विश्रांती घ्या’ म्हणणं सोपं आहे हो! त्यापेक्षा निघायची तारीख विचारावी, लोहाच्या गोळ्या आणि तपासणीचं कार्ड सोबत द्यावं, फडाजवळचं आरोग्य केंद्र लिहून द्यावं.